कासू येथील महिला आपली प्रतीक्षा करीत आहेत

सर्वांत आधी आभार. आभार शेवटी मानायचे असतात हे मला ठाऊक आहे, पण शेवटी ऐकणारे चपला शोधायला लागलेले असतात, म्हणून मी सुरुवातीलाच उरकून घेतो. या प्रकरणात ज्यांनी ज्यांनी मला मदत केली, त्या सगळ्यांचा मी मनापासून ऋणी आहे. प्रत्येकाच्या मदतीनंतर माझी अवस्था आधीपेक्षा वाईट झाली हे खरं, पण त्यात त्यांचा हेतू वाईट नव्हता. हेतू सगळ्यांचेच चांगले होते. जिने हे सगळं घडवून आणलं, त्या जेसिकाच्या हेतूबद्दल तेवढं मला सांगता येणार नाही.

सुरुवात झाली माझ्या उजव्या गुडघ्यापासून. धाटावच्या एका कंपनीच्या स्टोअरमधून निवृत्त होऊन मी रोह्याला घरी बसलो आणि गुडघा बोलायला लागला. आमची मुलगी मनस्वी नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर घरीच ठेवून गेली होती. बायको दिपिका शाळेत शिकवायला गेली की दुपारी मी आणि कॉम्प्युटर असे दोघेच घरात. एके दुपारी मी त्यावर गुडघ्याला लावायचा घरगुती लेप शोधत होतो. लेप सापडला, पण त्याच्यावर एक चौकोन येऊन उभा राहिला. ‘आपण यंत्र नसून मनुष्य आहात हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा.’

उभी नोकरी झाली, पण मी मनुष्य असल्याची चौकशी कंपनीत कधी कुणी केली नव्हती. इथे कुणीतरी आपुलकीने विचारतंय म्हटल्यावर मी ताठ बसलो आणि अलाऊ दाबलं. लेपात एरंडेल आणि मोहरी निघाली. ती आम्हालाही माहीत होती.

दुसऱ्या दिवशी मी पेपर वाचायला कॉम्प्युटर लावला, तर ‘टुंग’ असा आवाज झाला आणि पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातून एक बाई वर आली. सोनेरी केस, खांदे उघडे, नाव जेसिका. आणि तिच्या शेजारी स्वच्छ मराठीत लिहिलेलं, ‘कासू येथील एकाकी महिला आपली प्रतीक्षा करीत आहेत.’

मी आधी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

कासू म्हणजे पेण आणि रोहा यांच्या मधलं गाव. स्टेशन आहे, खाडीकडे शेतं आहेत, एकेकाळी मिठागरं होती. असल्या धंद्यासाठी कुणाला सुचावं असं ते ठिकाण नव्हे. पण जगात एवढी गावं पडलेली असताना जेसिकाने नेमकं कासू निवडलं, आणि कासू ही माझी सासुरवाडी!

मी फुलीवर टिचकी मारली. बाई गेली. थोड्या वेळाने ‘टुंग’. या वेळी माझ्या कॉम्प्युटरला गंभीर आजार झाल्याची बातमी होती. मग मला बक्षिसात मोटार लागली. मग टकलावर केस उगवण्याचं तेल. याचं मला काही वाटलं नाही. मोटार लागल्याची गोष्ट बायकोपासून लपवावी लागत नाही. पण अधूनमधून कासू येथील महिला यायच्याच. आमच्या दिपिकाच्या माहेरी, तिच्या चुलत्या, मावश्या, मामेबहिणी राहतात त्या गावात, महिला माझी प्रतीक्षा करताहेत, हे वाक्य तिला कसं समजावायचं? मी सुरुवात कुठून करणार? गुडघ्यापासून?

मी एक उपाय केला. बँकेने दिलेलं छोटं कॅलेंडर चिकटपट्टीने पडद्याच्या त्या कोपऱ्यावर लावून टाकलं. संध्याकाळी दिपिकाने विचारलं, “हे काय?”

“तारीख बघायला.”

“अहो, त्या कोपऱ्यात कॉम्प्युटर स्वतःच तारीख दाखवतो. ती झाकून वर कॅलेंडर लावलंत?”

“कागदावरची तारीख भरवशाची,” मी म्हणालो. तिने मान डोलावली. शिक्षिका आहे. चुकीची उत्तरं शांतपणे ऐकून घ्यायची तिला सवय आहे.

शेजारचे शरीफभाई रोज सकाळी आमच्याकडे गप्पांना येतात. बरीच वर्षं कुवेतला एसीच्या कंपनीत होते, आता कायमचे परत आले आहेत. म्हणजे शरीराने आले आहेत. बोलताना अजून कुवेतलाच असतात. त्या सकाळी दिपिका शाळेत गेली आणि शरीफभाई खुर्ची ओढून बसले. चहाचा पहिला घोट घेतात न घेतात तोच ‘टुंग’ झालं.

“प्रविणभाय,” ते कप खाली ठेवत म्हणाले, “कॅलेंडरच्या पाठून ही कोण डोकावतेय?”

संदेश कॅलेंडरपेक्षा रुंद होता, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. बाईचे अर्धे केस आणि एक खांदा बाहेर राहत होता. लपवलेल्या बाईचा एक खांदा दिसणं हे पूर्ण बाई दिसण्यापेक्षा फार वाईट, हे मी अनुभवाने सांगतो. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. शरीफभाईंनी एकदाही हसू फुटू दिलं नाही. त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याला तळहात लावून पाहिला, ताप बघतात तसा.

“गरम हाय. मशीन तापली की काय पण बडबडते. कुवेतला आमचा एक कॉम्प्रेसर होता…”

कॉम्प्रेसर ऐकून झाल्यावर त्यांनी घरून टेबलफॅन आणून डब्यासमोर पूर्ण वेगात लावला. वाऱ्याने कॅलेंडर उडालं, चिकटपट्टीसकट, आणि उघड्या कोपऱ्यात जेसिका पुन्हा आली, या वेळी अख्खी. वाऱ्याने तिचेही केस उडताहेत असा भास झाला.

“मग नेट बंद करा,” शरीफभाई म्हणाले. “ती नेटातून येते ना? रस्ताच बंद करायचा.”

हे मला पटलं. मी नेटच्या डबीचं बटण बंद केलं. घरात शांतता पसरली. ती पाच मिनिटंही टिकली नसेल, दारात सलीमाभाबी उभ्या. शरीफभाईंच्या पत्नी. त्यांच्या घरचं नेट बिघडल्यापासून आमच्याच नेटवर त्या दोहाला असलेल्या मुलाशी, जुहेबशी, बोलत असत.

“भाऊ, नेट गेला काय? मुआज हसत होता, अर्धा हसून थांबलाय बिचारा.”

मुआज हा जुहेबचा तान्हा मुलगा. नातवाचं अर्धं हसू अडकवून ठेवण्याइतका मी निर्दय नाही. बटण चालू केलं. ‘टुंग’. भाबींनी वाचलं. आधी बाईकडे, मग कासू या शब्दाकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

“या अल्ला! दिपिकाच्या माहेरची?”

“भाबी, कुणाला सांगू नका.”

“मी कशाला सांगू? तुम्हीच दिपिकाला सांगा ना सरळ. ती हुशार हाय.”

या साऱ्या प्रकरणात मला मिळालेला तो एकमेव योग्य सल्ला. तो मी ताबडतोब फेटाळला. माणसाची काही प्रतिष्ठा असते. ती नक्की कुठे असते हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण ती जपली पाहिजे एवढं माहीत होतं.

रोह्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे आहेत. पण रोह्यातल्या निम्म्या पोरांना दिपिकाने शिकवलेलं आहे. कुठल्याही दुकानात गेलो तरी समोरचा म्हणणार, “अरे, बाईंचे मिस्टर!” आणि मग ‘टुंग’. तेव्हा शरीफभाईंनी आणि मी ठरवलं, पेणला जायचं. पेणला आम्हाला कोण ओळखतं! कॉम्प्युटरचा डबा जुन्या चादरीत गुंडाळला, वर गाठ मारली आणि दिपिका शाळेत गेल्यावर आम्ही दोघे स्टेशनवर. दिव्याला जाणारी गाडी रिकामीच होती. शरीफभाईंनी गाठोडं मांडीवर घेतलं, मी खिडकीशी बसलो. नागोठणं गेलं. हवा छान होती. आपण आता यातून सुटलो असं वाटून मी एक गाणंही गुणगुणलो असेन.

पेणला जाणारी गाडी कासूला थांबते, हा विचार आमच्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता.

आणि आमच्याच डब्यात काळुराम चढला. काळुराम म्हणजे दिपिकाचा धाकटा भाऊ. गावच्या तंटामुक्ती समितीत आहे. तंटा नसेल तिथे तो आधी उकरून काढतो, मग मिटवतो.

“भावोजी! तुम्ही कवा निघालाव? आनि आमच्या गावावरनं चाललाव ते उतरत नाय!” तो समोर बसला. मग त्याची नजर गाठोड्यावर गेली. “यात काय हाय?”

शरीफभाई मित्राच्या मदतीला धावून आले. “गणपती हाय,” ते म्हणाले.

बरं, जगात सगळीकडे पेणहून गणपती जातात. पेणला गणपती नेणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. काळुरामने आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

“म्हंजे, गणपती नाय,” शरीफभाई सावरून म्हणाले. “मिक्सर.”

“एवढा?”

“कुवेतचा हाय.”

काळुरामने गाठोड्याची चादर जराशी बाजूला केली. मागच्या तारा लोंबायला लागल्या. “हा तं कॉम्प्युटर!” तो खूश होऊन ओरडला. “बिघाडलाय काय? मंग आधी नाय बोलायचा? पेणला जितेश म्हनून माझा दोस्त हाय, त्याचा दुकानच हाय. चला, मी येतो तुमच्यासंगती.”

“तुला काम असेल,” मी म्हणालो.

“पाव्हन्यापुढं काम कसला वं!” असं म्हणून त्याने शरीफभाईंच्या मांडीवरचं गाठोडं स्वतःच्या मांडीवर घेतलं. पेण येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर काय होतं ते आठवत नाही.

जितेशचं दुकान बाजारपेठेत होतं, लहान आणि गिऱ्हाइकांनी भरलेलं. जितेश स्वतः फार शांत माणूस. त्याने काळुरामला नमस्कार केला, मला पाणी दिलं आणि आमचा डबा काउंटरवरच्या एका प्रचंड पडद्याला जोडला. आमच्या घरचा पडदा ताटाएवढा, हा पाटाएवढा. गिऱ्हाइकं वेळ घालवायला त्याच्याकडेच बघत उभी होती.

“काय होतं नक्की?” जितेशने विचारलं.

“जाहिराती येतात,” मी हळूच म्हणालो.

“कसल्या?”

“संमिश्र.”

‘टुंग’. पाटाएवढ्या पडद्यावर ती आली. ‘पेण येथील एकाकी महिला आपली प्रतीक्षा करीत आहेत.’

खरं सांगतो, मला केवढं हायसं वाटलं! पेण! कासू नव्हे! शरीफभाईही माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “बघा, आपण पेणला आलेलो तिला कळलासुद्धा.” दुकानातले दोघेतिघे हसले. मीही हसलो. सुटलो असं वाटण्याची त्या दिवसातली ही दुसरी वेळ.

मग पुन्हा ‘टुंग’ झालं आणि काळुराम मोठ्याने, एकेक अक्षर लावत वाचायला लागला. “का… सू… ये… थील…” तो थांबला. पुन्हा मनात वाचलं.

“भावोजी, ह्या आमच्या कासूतल्या?”

मला वाटलं, आता हा माझी कॉलर धरणार. मी कॉलर सैल केली. पण काळुरामच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काळजी होती. तंटामुक्ती समितीच्या माणसाला होते तशी, सार्वजनिक काळजी.

“आमच्या गावात येवढी एकटी बाई हाय, तिची कोनी दखल घेत नाय, आनि तिला मदतीसाठी रोह्याला तुमच्याकडं निरोप धाडावा लागतो? लाज हाय ही गावाला!” मग तो पडद्याजवळ गेला. “पन हिला मी बघितली नाय. जेसिका… हायवेला नवीन बंगले झालंत, तिथं कोनाकडं भाड्यानं आली असंल.”

“काळुराम, अरे ही खरी बाई नाही. ही जाहिरात—”

“नाव हाय, फोटू हाय, गाव हाय, आनि बाई नाय?” त्याने खिशातून मोबाइल काढून पडद्याचा फोटो घेतला. मी हात पुढे करेपर्यंत त्याची बोटं चालू झाली होती. पूर्ण मजकूर मला नंतर वाचायला मिळाला, तो असा: ‘सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की सदर महिला आपल्या गावी एकटी राहत असून आमचे भावोजी प्रविण मोकल, रोहा यांची वाट बघत आहे. कोणाकडे भाडेकरू असल्यास ताबडतोब समितीस कळवावे.’

“कुठे पाठवलंस?” मी विचारलं.

“गावाच्या ग्रुपवर. सगली हायत त्याच्यावर. माहेरवाशिनी पन हायत.”

माहेरवाशिणी. म्हणजे दिपिका.

मी जितेशच्या स्टुलावर बसलो. त्या अवस्थेत माणसाच्या डोक्यात एकच विचार येतो, पुरावा नष्ट करावा. मी म्हणालो, “जितेशभाऊ, हे सगळं कायमचं जाईल असं काहीतरी करा.”

“फॉरमॅट मारतो,” तो म्हणाला. “एकदम कोरा होऊन जाईल. बॅकअप आहे ना?”

“आहे,” मी म्हणालो. बॅकअप म्हणजे काय याची मला पुसट कल्पना होती. तो आमच्याकडे नाही, एवढी कल्पना मात्र स्पष्ट होती. पण ‘नाही’ म्हटलं तर तो आणखी दहा प्रश्न विचारणार, तेवढ्यात पुन्हा ‘टुंग’ होणार, आणि काळुराम दुसरा फोटो घेणार. जितेशने काहीतरी निवडलं, काहीतरी दाबलं आणि पडद्यावर शेवटचा प्रश्न आला, खात्री आहे का म्हणून. त्याचं बोट वर होतं.

माझा फोन वाजला. दिपिका.

“पेणला आहात ना? सलीमाभाबी म्हणाल्या.”

“हो. तू तो ग्रुपवरचा… म्हणजे ते असं आहे…”

“ते राहू द्या. कॉम्प्युटर नेलाय दुरुस्तीला? घरी जेवायला आले तर डबा जागेवर नाही. त्यांना सांगा, त्यातलं काही पुसायचं नाही. त्यात मनस्वीचे लहानपणचे सगळे फोटो आहेत. आणि तुमच्या बाबांची आरती आहे.”

वडिलांनी त्यांच्या शेवटच्या गणपतीत म्हटलेली आरती. मनस्वीने ती भरून ठेवली होती. मध्येच त्यांना खोकला येतो, मग तेच हसतात आणि पुढचं कडवं घेतात. जगात ती दुसरीकडे कुठेही नाही.

“थांबा!” मी एवढ्या जोरात ओरडलो की जितेशचं बोट वरच राहिलं आणि रस्त्यावरची रिक्षासुद्धा थांबली. “काही पुसू नका. तसाच द्या.”

आयुष्यात बायकोचे बरेच फोन आले, त्यातले बरेच नको त्या वेळी आले. पण त्या एका फोनसाठी मी जन्मभर तिच्या पुढचे सगळे फोन पहिल्या रिंगला उचलायला तयार आहे. अर्थात हे तिला सांगितलेलं नाही. बोट दिलं की हात धरते.

जितेशने काही न घेता डबा परत बांधून दिला. काळुराम म्हणाला, “तुम्ही जावा निर्धास्त, त्या बाईचा मी बघतो.” परतीच्या गाडीत शरीफभाई पहिल्यांदाच कुवेतविषयी काही बोलले नाहीत. आमच्या दाराशी गाठोडं माझ्या हातात देऊन म्हणाले, “प्रविणभाय, गणपती मी बोललो ते दिपिकाभाबीला सांगू नका.” आणि ते आपल्या दारात शिरले.

आत दिपिका आणि सलीमाभाबी चहा पीत बसल्या होत्या. दिपिकाने डबा उचलून जागेवर ठेवला, तारा जोडल्या, खुर्ची ओढली आणि चष्मा लावला. आम्ही जेसिकाची वाट बघत बसलो. नेमकी त्या दिवशी तिने वेळ लावला. मग एकदाची ‘टुंग’ करून आली.

दिपिकाने बाईकडे पाहिलंच नाही. ती वाकून त्या बाईच्या वर-खाली असलेली तिळाएवढी, राखाडी अक्षरं वाचायला लागली.

“हे बघा, वर लिहिलंय, हा संदेश कुठल्या पानाने पाठवलाय. गुडघ्याचं काहीतरी आहे. आणि इथे खाली लिहिलंय सेटिंग्ज.” तिने तिथे टिचकी मारली. एक यादी उघडली. त्यात ते गुडघ्याचं पान होतं आणि शेजारी लिहिलं होतं की या पानाला संदेश पाठवायची परवानगी आहे. ‘अलाऊ’. तिने ते काढून टाकलं. बास.

आम्ही तिघे बसून राहिलो. पुन्हा टुंग झालं नाही. चहा निवला तरी झालं नाही.

“एवढंच?” मी म्हणालो.

“हे पहिल्या दिवसापासून त्यावरच लिहिलेलं होतं. तुम्ही वाचलं नाहीत?”

मी वाचलं नव्हतं. शरीफभाईंनी वाचलं नव्हतं. काळुरामने तर एकेक अक्षर लावून वाचलं होतं, पण मोठ्या अक्षरातलं. बाई असलेल्या चित्रात बाईच्या खालचं बारीक अक्षर फक्त बाईच वाचते, असा यातून एक निष्कर्ष निघतो. सलीमाभाबी पदर तोंडाला लावून कप विसळायला आत निघून गेल्या. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत नव्हता.

मी धीर करून विचारलं, “दिपिका, ग्रुपवरचं ते वाचून तुला काही… म्हणजे माझ्याबद्दल काही शंका आली नाही?”

तिने चष्मा काढला. “शंका? अहो, सासुरवाडीला जेवायला बोलावलं तर तुमचा गुडघा दुखतो. तुम्ही दुसऱ्या कुणा बाईसाठी कासूला कशाला जाल?”

नवऱ्यावर एवढा पक्का विश्वास असलेली बायको मिळायला भाग्य लागतं. तरी तो विश्वास जरा वेगळ्या कारणावर उभा असता तर बरं झालं असतं.

हे प्रकरण इथे संपलं असतं. पण दुसऱ्या दिवशी काळुरामचा फोन आला. आवाज विजयी.

“भावोजी, बाई गावली!”

“कोण बाई?”

“एकाकी. आख्खा गाव घर न् घर फिरलो. हायवेचे बंगले पन बघितले. जेसिका नाय कोन. पन सगल्यांना इचारीत होतो ना, कोन एकटी बाई हाय काय, कोन वाट बघतंय काय. तं आमची जनीआत्या बोलली, ‘हाय ना. मी हाय. त्या जावयाची वाट मीच बघते, त्याला धाड माझ्याकडं.’”

दिपिकाच्या वडिलांची ती लांबची चुलत बहीण. नवरा मिठागरात होता, तो गेला. मुलगे पनवेलच्या पुढे कुठेतरी स्थायिक झाले, ते येतात गणपतीला. आमच्या लग्नात हिने मला उटणं लावलं होतं असं दिपिका म्हणते. मला आठवत नव्हतं.

मी फोन ठेवला. दिपिका वह्या तपासत होती. तिने ऐकलं होतं.

“रविवारी जाऊ या?” मी म्हणालो.

तिने वही मिटली आणि माझ्याकडे असं काही पाहिलं की गुडघा दुखतोय असं म्हणायची मला सोयच राहिली नाही. खरं तर त्या क्षणी तो दुखतही नव्हता.

रविवारी कासूला उतरलो तर स्टेशनवर काळुराम आणि निम्मी समिती. गावातून जाताना ओट्याओट्यावरून बायका तोंडाला पदर लावून म्हणत होत्या, “आला गो, आला! ज्याची वाट बघतात तो आला!” दिपिका हसून एकेकीला उत्तर देत होती. मी मान खाली घालून चाललो होतो. पण पाय बरे चालत होते.

जनीआत्याचं घर गावाच्या टोकाला, खाडीच्या बाजूला. अंगण सारवलेलं. ती उंबऱ्यात बसली होती, हिरवं लुगडं नेसून, लग्नाला निघाल्यासारखी.

“ये गो दिपिका. या जावयबापू. किती वाट बघायला लावलीव.”

जेवायला चिंबोऱ्यांचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. मी पोटाला तडस लागेपर्यंत जेवलो आणि आत्या वाढत राहिली. मुलांच्या गोष्टी सांगितल्या, नवऱ्याच्या सांगितल्या, मीठ पांढरं कसं पडतं आणि काळं कधी पडतं ते सांगितलं. दिपिका तिच्या खांद्याला टेकून बसली होती, पोरीसारखी. मी दिपिकाला असं बसलेलं फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

मग आत्या म्हणाली, “ती बाई दाखव की रं, काळुराम.” काळुरामने मोबाइल पुढे केला. आत्याने तो लांब धरून, जवळ धरून जेसिकाला नीट पाहिलं. “चेहरा बरा हाय पोरीचा. पन हिला कोन पोटभर वाढीत नाय वाटतं.” सगळे हसले. आत्या हसली नाही. तिने मोबाइल पदराने पुसून परत दिला.

आम्ही निघालो तेव्हा ती अंगणाच्या कडेपर्यंत आली. दिपिका पुढे जाऊन कुणाशी तरी बोलत होती. आत्याने माझा हात धरला आणि आवाज खाली आणून विचारलं, “जावयबापू, एक सांगा. मी एकटी हाय, वाट बघते, ह्ये मी कोनालाच बोलले नव्हते. पोरांना नाय, काळुरामला नाय. मंग तुमच्या त्या मशीनला कसा कलला?”

कॉम्प्युटरमधलं मला जे थोडंफार समजलं होतं, ते सगळं मी त्या वेळी सांगू शकलो असतो. परवानगी, पान, सेटिंग्ज. सांगितलं नाही.

“मशीन आता बंद केलंय, आत्या,” मी म्हणालो. “यापुढे तुम्हीच कळवत जा.”

“मी नाय कलवायची,” ती हात न सोडता म्हणाली. “तुम्ही आपले येत जावा.”